एक चौकोन बरोबर चार बैल

११ ऑगस्ट, सोमवार

बातमी पक्की झाली. पुढच्या महिन्याची शिक्षण परिषद आमच्या टाकळी धोंडेच्या शाळेत. केंद्रातले सगळे शिक्षक येणार, विस्तार अधिकारी सुवर्णा मॅडम स्वतः येणार, आणि त्यांच्यासमोर एक आदर्श पाठ होणार. मुख्याध्यापिका सिंधूताईंनी विचारलं, पाठ कोण घेणार. उतावळेपणा दिसू नये म्हणून मी जरा वेळ खिडकीबाहेर पाहिलं, मग हात वर केला. शाळेत शिक्षक दोनच आहोत, त्या आणि मी.

हा पाठ जमला की तालुक्याचा सुलभक म्हणून माझं नाव गेलंच समजा. सुलभक म्हणजे शिक्षकांना शिकवणारा शिक्षक. गळ्यात ओळखपत्र, समोर माइक, दुपारी वेगळं जेवण. गेल्या वर्षी ज्याचं नाव गेलं त्याला प्रोजेक्टर सुरू करता येत नाही. मलाही येत नाही, पण मी ते कुणाला कळू देत नाही.

विषय ठरला: पाचवीचा स्तंभालेख. माहिती गोळा करायची, प्रमाण घ्यायचं, खांब उभे करायचे. पाचवीत सतरा पोरं आहेत. महिनाभर रोज पहाटे पाचला उठून तयारी करणार. पद्धतीला नाव पण सुचलंय: ज्ञानेश्वर पॅटर्न. स्वतःचं नाव देणं बरं दिसत नाही, पण दुसरं कुणी देईल असं वाटत नाही.

१२ ऑगस्ट, मंगळवार

उठलो सव्वासातला. अलार्म वाजला होता, मीच बंद केला होता, असं सौ. म्हणते.

वर्गात 'आवडते फळ' घेतलं. पहिला उठला गोपाल, म्हणाला सीताफळ. मग सगळ्यांनी सीताफळ. शाळेमागं झाड आहे आणि सध्या सगळ्यांचा जीव त्याच्यावर आहे. एका पोरीनं हळूच केळ म्हटलं, तर बाकीचे असे बघायला लागले की तिनंही बदललं. फळ्यावर एकच खांब, सतरा चौकोन उंच. आलेख वाटेना, झेंड्याचा दांडा वाटायला लागला.

१३ ऑगस्ट, बुधवार

नवी कल्पना. फळं, खेळ, रंग हे पुस्तकी झालं. आज 'आजी-आजोबांचा जन्ममहिना' दिला. आधार कार्ड बघून लिहून आणा म्हटलं. एकदम अस्सल माहिती.

सगळ्यांचा जून. दोन आज्या सोडल्या तर तारीखही एकच, एक जून. गोपालनं विचारलं की सर, त्या दिवशी गावात एवढे लोक पैदा झाले तं दवाखान्यात जागा पुरली काय. मी म्हटलं, तेव्हा दवाखाना नव्हता. पोरांचं समाधान झालं. आलेखाचं झालं नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

सापडलं! घरी येताना वरवट बकालच्या फाट्यावर बैलांना लावायचे गोंडे, कपाळावरच्या माथोट्या विकायला मांडल्या होत्या तिथंच सापडलं. पोळा आठ दिवसांवर. बैल! डोळ्यांनी दिसतात, मोजता येतात, आणि बैलाला सीताफळ आवडतं का हे विचारायचं नसतं.

गावाचे चार भाग: पाटीलपुरा, माळीपुरा, वेस, नवी वस्ती. चार भाग, चार खांब. उद्या झेंडावंदन झालं की पोरांना प्रश्न देणार.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनानंतर फळ्यावर प्रश्न लिहिला: 'तुमच्या घरून पोळ्यात किती बैल नेले?' पोळ्याच्या दिवशी प्रत्येकानं आपापल्या भागातल्या घरोघर जाऊन विचारायचं आणि आकडा आणायचा.

करिष्मानं हात वर केला. ही पहिल्या बाकावरची, दोन वेण्या, शंका फार. पाटीलपुऱ्यातल्या भाऊरावांची नात. भाऊराव म्हणजे गावचे मानकरी, पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जोडी त्यांच्या घरची जाते, तीन पिढ्यांपासून. तर करिष्मा म्हणे, सर, नेले किती लिहाचं का हायेत किती लिहाचं? मी म्हटलं, बाळा, शब्दांत अडकू नको. जे आहेत तेच नेतात. ती काही बोलणार होती, पण पेढे आले.

१८ ऑगस्ट, सोमवार

आज प्रमाण शिकवलं. एक चौकोन बरोबर एक बैल धरला तर कागद पुरणार नाही, म्हणून एक चौकोन बरोबर चार बैल. मुलांना क्षणात समजलं. मग गोपालनं विचारलं की ज्याच्या घरी एकच जोडी हाये त्याचे दोन बैल म्हंजे अर्धा चौकोन, तं तो अर्धा पुढचा का मागचा. यावर वर्ग दोन गटांत फुटला. पुढचा, कारण तोंडाशिवाय बैल खाईल कसा. मागचा, कारण शेण कुठून येईल. अर्धा तास गेला. शेवटी मी जाहीर केलं की अर्धा चौकोन म्हणजे दोन अख्खे बैल, शेपटीसकट.

सिंधूताई शेजारच्या वर्गातून डोकावून म्हणाल्या, सर, एवढा आवाज काऊन? मी म्हटलं, ज्ञानरचनावाद.

२१ ऑगस्ट, गुरुवार

उद्या पोळा. निश्चय केला आहे की उद्या घरी शेगावला थांबायचं नाही, गावात तोरणाजवळ उभं राहून स्वतः मोजायचं. बारा वर्षं या शाळेत आहे, पण पोळ्याची सुट्टी असल्यामुळं इथला पोळा पाहिलेला नाही. संशोधक जागेवर पाहिजे.

शाळेला लागूनच गोकुळचं घर. तिशीतला पोरगा, पाच एकर कोरडवाहू, आणि गावात नाव निघेल अशी पांढरी जोडी. दुपारी तो बैलांच्या खांद्यांना तूप-हळद चोळत होता. मलाही म्हणाला, सर, उद्या या जेवाले, आवतन समजा. मी नक्की येतो म्हटलं. पोरांनाही सांगितलं की मी येणार. पोरं एकमेकांकडं बघत होती. आनंदानं असावं.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

जाणार होतो. बूट पण घातले होते. एवढ्यात साळा आला, आणि सौ.नं पुरणपोळ्या करायला घेतल्या होत्या. पाचवी पोळी खाल्ल्यावर मला एक गोष्ट लक्षात आली: माहिती गोळा होत असताना शिक्षक समोर असला की माहितीवर दडपण येतं. मोठ्या संशोधनात हे टाळतात. म्हणून थांबलो. दुपारी झोपलो ते पाचला उठलो. पाचला उठायचा निश्चय होताच, वेळ फक्त बदलली.

२५ ऑगस्ट, सोमवार

आकडे आले. पाटीलपुरा अठ्ठावीस, माळीपुरा सोळा, वेस बारा, नवी वस्ती आठ. एकूण चौसष्ट!

आणि प्रत्येक आकड्याला चारनं भाग जातो. सात चौकोन, चार, तीन, दोन. एकही अर्धा बैल नाही. असं प्रमाण निवडायला दृष्टी लागते.

पण खरी मजा पुढं. मी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या ओळखीच्या माणसाला फोन करून गावातल्या बैलांची सरकारी संख्या विचारली. तो म्हणाला, अठरा. अठरा! घरोघर ट्रॅक्टर फिरून राहिलेत, बैल संपले म्हणून सगळे रडतात, आणि इकडं माझ्या पाचवीच्या पोरांनी चौसष्ट शोधून काढले. सरकारी मोजणी किती ढिसाळ असते बघा. वर्गात हे सांगितलं तेव्हा एकदम शांतता पसरली. आपण केवढं मोठं काम केलं हे पोरांना त्या क्षणी उमगलं असणार.

केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. तीन अंगठे आले, एक माझाच.

२६ ऑगस्ट, मंगळवार

हा आलेख शाळेच्या दर्शनी भिंतीवर ऑइल पेंटनं काढणार. येता-जाता गावानं पाहावा.

सिंधूताई म्हणाल्या, सर, फळ्यावर काढा न, फळ्यावरचं पुसता येते. मी म्हटलं, ताई, सत्य पुसायचं कशाला? त्यांनी माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि शालेय पोषण आहाराचा तांदूळ मोजायला गेल्या. चांगल्या आहेत, पण नव्या गोष्टींना जरा घाबरतात. त्यांचं माहेर याच गावचं, त्यामुळं असेल.

२८ ऑगस्ट, गुरुवार

काढला! निळे खांब, पिवळे चौकोन, खाली प्रमाण. शर्ट गेला. वर लाल अक्षरांत मथळा: 'आमच्या गावातील बैल'.

मी शिडीवरून उतरलो तर करिष्मा खाली उभी. म्हणाली, सर, मथळा 'पोयात नेलेले बैल' असा पायजे होता. मी तिला समजावलं की मथळा सुटसुटीत असावा, शिवाय लाल रंग संपलाय. ती म्हणाली, माह्या घरी लाल रंग हाये, आणू? शिंगांचा उरला होता. मी म्हटलं, नको. शिंगांचा रंग भिंतीवर टिकत नाही. बैलाच्या शिंगावरचा मात्र म्हणे चांगला महिनाभर टिकतो. असो.

२ सप्टेंबर, मंगळवार

पेपरात आलं! आतल्या पानावर, खताच्या जाहिरातीखाली, पण आलं: 'टाकळी धोंडे येथे बैलांच्या संख्येत वाढ'. माझं नाव ज्ञानेश्वरऐवजी नुसतं 'एका शिक्षकाने' असं छापलंय. जागा कमी असेल.

दुपारी दवाखान्यातल्या त्या माणसाचा फोन. म्हणाला, आम्ही लसी अठराच टोचल्या, बाकीचे शेचाळीस कुठं होते? मी म्हटलं, ते तुम्ही शोधा, आम्ही मोजले. कात्रण पाकिटात ठेवलं आहे.

४ सप्टेंबर, गुरुवार

उद्या सुट्टी म्हणून शिक्षक दिन आजच. करिष्मा साडी नेसून बाई झाली आणि तिनं चौथीला प्रमाण शिकवलं. वावरातून माल आला की आपण दाणे मोजतो का पोते मोजतो, असं विचारलं. पोते, असं सगळे ओरडले. मंग एका पोत्यात किती हाये ते बाहेर लिहा लागते, नाई तं कोणाले काय समजीन, म्हणाली. चौथीला पाच मिनिटांत समजलं. मला अर्धा तास लागला होता, पण मी पाया घातला होता हे विसरून चालणार नाही.

शेवटी तिनं चौथीला सांगितलं की जे मोजलं तेच वर लिहाचं, दुसरं नाई. हे वाक्य माझ्याकडं बघून म्हणाली. गुरूकडं बघून बोलावं, हे संस्कार.

८ सप्टेंबर, सोमवार

सकाळी डबा भरताना सौ.नं सहज विचारलं की चौसष्ट बैल? चारा कुठून आणतात हो? ती पिंपळगाव राजाची, शेतकऱ्याची पोर, त्यामुळं असले किरकोळ प्रश्न सुचतात. मग म्हणाली, आमच्या गावी तं आता एकच जोडी सात-सात घरचे लोक तोरणाखालून काढते. तोरणातून गेली की देवळामागून फिरून येते, झूल बदलते, पुन्हा जाते. ज्याच्या घरी बैल नाही राह्यले त्याचाबी सण झाला पायजे न.

ऐकून वाईट वाटलं. पिंपळगाव राजा एकेकाळी केवढं नावाजलेलं, आणि आज ही दशा. त्या मानानं आमचं टाकळी धोंडे किती सधन.

सौ. काही तरी आणखी म्हणत होती, पण मला उशीर होत होता.

१० सप्टेंबर, बुधवार

प्रमुख पाहुणे कोण? सिंधूताई म्हणाल्या, सरपंचाले बोलवा. मी म्हटलं, ज्याचा खांब सर्वांत उंच त्या पाटीलपुऱ्याचे मानकरी भाऊराव पाहिजेत. आलेखातून थेट व्यासपीठावर! हाच ज्ञानेश्वर पॅटर्न.

भाऊरावांच्या घरी गेलो. सत्तरीचे, पांढरं धोतर, बाजेवर बसले होते. म्हणाले, मले नका बोलावू मास्तर, मले आलेखातलं काय समजते? केवढा नम्रपणा. मी म्हटलं, तुम्हाला काही समजायची गरज नाही, फक्त हार घ्यायचा. ते म्हणाले, हार तं मुळीच नको. मी ऐकलं नाही. अर्धा तास बसलो. अखेर त्यांनी डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि येतो म्हणाले.

बाहेर पडलो तर करिष्मा मागं धावत आली. सर, आबांऐवजी दुसऱ्या कोणाले बोलवा न, तुम्ही म्हणसान तं मी गोकुळकाकाले सांगतो. डोळ्यांत पाणी. आजोबांना गर्दीचा त्रास होईल अशी काळजी. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, घाबरू नको, मी आहे.

११ सप्टेंबर, गुरुवार

जॅकेट शिवून आलं. बटण लागत नाही, पण उघडं ठेवायची फॅशन आहे. उद्या पाचला उठणार.

सुलभक झाल्यावर पहिल्या प्रशिक्षणात काय बोलायचं तेही लिहून ठेवलं. सुरुवात अशी: 'मित्रांनो, माहिती कधीच खोटं बोलत नाही.'

१२ सप्टेंबर, शुक्रवार, सकाळी ८:१०

उठलो पावणेसातला. प्रगती आहे. निघतोय.

त्याच दिवशी, संध्याकाळी

क्रमानं लिहितो, म्हणजे नीट विचार होईल.

प्रोजेक्टर लागला नाही. ठीक. तसाही भिंतीवरचा आलेख होता.

पाठ उत्तम झाला. खरंच उत्तम. सुवर्णा मॅडमनी पोरांना उलटसुलट विचारलं. सात चौकोन म्हणजे किती? अठ्ठावीस. वेस आणि नवी वस्तीत फरक किती? चार. वीस बैल असते तर खांब कुठवर? सतराही पोरं पटापट बोलत होती. बावीस शिक्षक मागं बसले होते, दोघं तर लिहूनही घेत होते. भाऊराव हार घालून खुर्चीवर. सिंधूताई दाराशी उभ्या होत्या, बसायला तयार नव्हत्या.

मॅडम बीबी गावाकडच्या, शेतकरी घरच्या, हे मला माहीत नव्हतं. त्या हसून म्हणाल्या, सर, एका पुऱ्यात अठ्ठावीस बैल म्हणजे कमाल आहे. चला, मुलांना पडताळणी पण दाखवू, दोन-तीन गोठे बघून येऊ.

चला, असं सर्वांत आधी मीच ओरडलो.

सगळी वरात निघाली. पहिला गोठा भाऊरावांचा. आत एक मोटारसायकल, खताची रिकामी पोती आणि एक मोडकी बाज. गव्हाणीत कोंबडी बसलेली. करिष्मा पटकन म्हणाली, बैल वावरात गेले. पुढच्या घरी गोठ्यात थ्रेशर. गोपाल म्हणाला, वावरात गेले. तिसऱ्या घरी गोठाच नव्हता, तिथं आता संडास आहे. पोरं एका सुरात म्हणाली, वावरात गेले. मी मॅडमना म्हटलं, बघा, किती कष्टाळू गाव आहे.

मग गोकुळकडं आलो. पांढरी जोडी दावणीला, रवंथ करत. मी म्हटलं, हे बघा मॅडम! मॅडम बैलापाशी गेल्या आणि शिंगाला हात लावला. शिंगावर बुडापासून टोकापर्यंत रंगाचे पट्टे होते, एकावर एक. हिरवा, गुलाबी, पिवळा, लाल, निळा, चंदेरी, भगवा. मॅडम बोटानं एकेक पट्टा मोजत वर गेल्या. सात. मग त्यांनी गोकुळला विचारलं की दादा, किती घरं?

गोकुळ खाली बघायला लागला. पोरं खाली बघायला लागली. सिंधूताई पदरानं घाम पुसायला लागल्या. माझ्याशिवाय तिथं सगळ्यांना सगळं माहीत होतं, हे मी आत्ता लिहितोय. तेव्हा मी म्हणालो, सजावट आहे मॅडम, आमच्या गावची कला.



तेवढ्यात भाऊराव पुढं आले. त्यांनी गळ्यातला हार काढला आणि त्या बैलाच्या गळ्यात घातला. म्हणाले, मॅडम, हे जनावर गोकुळचं हाये. माह्या गोठ्यात पाच साल झाले, बैल नाही. मान माह्या घराचा, म्हून हा पोरगा दरसाल आपली जोडी माही झूल घालून पहिली काढते. मंग फिरून आणते, दुसऱ्याची झूल टाकते. ज्याच्या घरचा रंग त्याचा एक पट्टा. साऱ्या गावाले माहीत हाये. फक्त भिंतीवर लिहेल नोतं.

ते अगदी सरळ उभे होते. हात बैलाच्या मानेवर ठेवले होते. करिष्मा त्यांच्या धोतराला धरून उभी राहिली.

मॅडमनी त्यांना वाकून नमस्कार केला. मग पोरांकडं वळून विचारलं, तर मग आलेख चुकला का?

करिष्मा म्हणाली, नाही मॅडम, आलेख बरोबर हाये. सरांनं जे इचारलं तेच आम्ही आणलं. मथळा चुकला.

शाबास, मॅडम म्हणाल्या. मथळा कुणी लिहिला?

सतरा पोरं गोठ्याच्या पत्र्याकडं बघायला लागली. एकानंही माझं नाव घेतलं नाही. माझ्या बुटावर लाल रंगाचा जुना डाग होता, तो मी दुसऱ्या पायानं झाकला.

१३ सप्टेंबर, शनिवार

शाळेत गेलो नाही. अंग कसकसतंय.

विचार केला. चूक कोणाची? प्रश्न माझा बरोबर होता. उत्तरं बरोबर होती. बेरीज बरोबर होती. मथळा घाईत झाला, पण लाल रंग संपला होता. रंग ग्रामपंचायतीनं कमी दिला.

हे सगळं सौ.ला वाचून दाखवल्यासारखं सांगितलं. ती म्हणाली, आणि त्या म्हाताऱ्या माणसाले हार घालाले कोण गेलं होतं? ग्रामपंचायत?

जेवलो नाही. म्हणजे थोडंसं जेवलो.

१४ सप्टेंबर, रविवार

रविवार असून टाकळी धोंडेला गेलो. बारा वर्षांत पहिल्यांदा. भाऊरावांची माफी मागायची म्हणून रस्ताभर वाक्यं जुळवली, चांगली जमली होती. दारात गेलो आणि एकही आठवलं नाही. नुसता उभा राहिलो.

ते म्हणाले, बसा मास्तर. चहा आला. म्हणाले, गोकुळ आला होता रातच्याले. मी त्याले म्हटलं, पुढच्या पोयाले मान तुहाच, तुही जोडी, तुही झूल. तं भांडला माह्यासंग. म्हणे आबा, झूल तुमचीच राहीन, नाही तं मी जोडी घराभायेर काढतच नाही.

मग म्हणाले, बरं झालं मास्तर, एकदाचं बोलून गेलो. दरसाल त्या तोरणाखालून जाताना छाती धडधडे माही.

हे मला चांगलं वाटावं म्हणून म्हणाले की खरंच, ते कळलं नाही. मला रडायला आलं. चहाचा ठसका लागला असं सांगितलं.

१५ सप्टेंबर, सोमवार

आदेश आला! तालुका प्रशिक्षणाच्या यादीत माझं नाव आहे. पाच दिवस, विषय 'माहितीचे संकलन व आलेख'. ओळखपत्र मिळणार. सिंधूताईंना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, सर, हे खालच्या यादीत हाये. वरची यादी सुलभकांची, खालची शिकणाऱ्यांची. सुलभकांच्या यादीत त्यांचं नाव होतं. मी अभिनंदन केलं. त्यांनी विचारलं, जेवण दोघायले सारखंच राह्यते का हो?

दुपारी मथळा बदलायला घेतला. करिष्मानं घरून शिंगांचा लाल रंग आणला. मी शिडीवर, सगळी पाचवी खाली शिडी धरून. जुनी अक्षरं पांढरी केली आणि नवा मथळा लिहायला लागलो: 'पोळ्यात तोरणाखालून नेलेले बैल (एक बैल अनेकदा मोजला असू शकतो)'. हे पोरांनी एकमतानं ठरवलंय. भिंतीत मावत नाही, शेवटचे दोन शब्द कोपऱ्यावरून वळून मुतारीकडच्या बाजूला जाणार आहेत.

लिहिता लिहिता विचारलं, सहज विचारल्यासारखं, की तुम्हाला सगळ्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मग मला एकानंही काऊन सांगितलं नाही? आबांचा मान जाईल म्हणून का?

खालून गोपाल म्हणाला, आबांसाठी तं होतंच.

आणि?

शेवटी करिष्मा म्हणाली, तुम्ही लय खुश होते सर.

माझी पाठ त्यांच्याकडं होती. ब्रशाला रंग उरला नव्हता, तरी थोडा वेळ मी तो भिंतीवर तसाच फिरवत राहिलो.